सीटवरची पिशवी

मालिनी सबनीसांच्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, हे अरुण देवस्थळींना नेमकं श्रीहर्ष पोह्यांवर लिंबू पिळत असताना आठवलं आणि त्यांची पोह्यांवरची वासनाच गेली. पत्र म्हणजे कागदावरचं नव्हे, फोनवर आलेला खाजगी मजकूर. पण त्याला मायना होता, शेवटी ‘कळावे’ होतं, म्हणून ते मनात त्याला पत्रच म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मुलीच्या डच शहरात, आइंडहोवनच्या नदीकाठी पाणकोंबडीच्या घरट्याचा फोटो काढून इथल्या मराठी लोकांच्या फोटोग्रुपवर टाकला होता. खाली ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, ‘कडक’ असा पाऊस पडला. मालिनीबाईंनी मात्र वेगळं लिहिलं. ‘देवस्थळी सर, घरट्यात चॉकलेटचा चंदेरी कागद विणलेला दिसतो. तो तिने शोभेसाठी लावला असेल की उबेसाठी? मी कालपासून विचार करते आहे. तुम्हाला काय वाटतं?’

अरुणराव हरखले आणि घाबरले. आयुष्यभर पुण्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं दुसऱ्यांच्या हातात दिलेला हा माणूस. स्वतःचं वाक्य त्यांना कधी पुरं वाटलंच नाही. उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पोरकट वाटलं. मग उशीर झाला, आणि उशिराची लाज त्यावर साचत गेली.

आज सकाळी त्याच बाईंचा फोटो ग्रुपवर आला होता. टिलबर्ग स्टेशनबाहेर उभी असलेली काळी सायकल. हँडलला नारिंगी लेबल, सीटवर निळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली. फोटोखालचा मजकूर दुमडलेला होता, बोटाने दाबल्यावरच उघडणारा. अरुणरावांनी तो उघडला होता.

‘ही ह्यांची सायकल. जानेवारीत इथे लावून ऑफिसला गेले आणि तिथेच कोसळले. घरी आलेच नाहीत. किल्ली हॉस्पिटलने परत दिली, पण मला सायकल आणायचा धीर होत नाही. आता नगरपालिकेने बेवारस म्हणून लेबल लावलंय. सोमवारी उचलून नेतील. आणावी का मी घरी? की जाऊ द्यावी? कुणीतरी सांगा.’

आणि त्याखाली ग्रुपची मंडळी लिहीत होती: ‘वॉव, काय मिनिमल फ्रेम’. ‘नारिंगी रंगाने जान आणली’. ‘सुंदर. माझ्या ट्युलिपवर पण या’. ग्रुपप्रमुख श्रीहर्षने तर सल्लाही दिला होता: ‘मस्त, मालिनीताई. फक्त ती निळी पिशवी डिस्ट्रॅक्ट करतेय. क्रॉप केलीत तर भारी होईल.’

तोच श्रीहर्ष आता समोर बसून पोहे खात होता. जावई प्रणवच्या ऑफिसातला मित्र. शनिवारी सकाळी बऱ्याचदा यायचा.

“काका, तुम्ही हल्ली फोटो टाकत नाही ग्रुपवर,” तो म्हणाला. “खरं सांगू? तुम्ही कुणाला कमेंटच देत नाही. तीन जणांना द्यायची, मग आपला फोटो टाकायचा. आणि आपल्याला कुणी दिली की त्याला परत द्यायची. एवढं सिंपल आहे.”

“आहेरासारखं,” अरुणराव म्हणाले.

“एक्झॅक्टली.” श्रीहर्ष खूश झाला. “बघ प्रणव, काकांना कळलं.”

“आहेराची साडी न उघडताच पुढच्या लग्नात देतात, तसं.”

मृण्मयीने चहा ओतता ओतता वडिलांकडे पाहिलं. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

“मालिनी सबनीसांच्या सायकलखाली काय लिहिलंय, वाचलंस का?” अरुणरावांनी विचारलं.

“कॅप्शन? काका, दिवसाला तीसेक फोटो येतात. मीटिंगमधून मीटिंगमध्ये जाताना लाइक करतो मी. कॅप्शन कोण वाचतं?”

“आत्ता वाच.”

“खाऊन झालं की...”

“आत्ता.”

श्रीहर्षने डाव्या हाताने फोन काढला. वाचता वाचता त्याचं चावणं थांबलं. “शिट,” तो हळूच म्हणाला. “सॉरी काका. मला काय माहीत? लोकांनीही असं पर्सनल टाकू नये ना ग्रुपवर. हॉबी ग्रुप आहे तो. थांबा, माझी कमेंट उडवतो.”

त्याने ती उडवली आणि तिच्या जागी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. प्रमुखाने हात जोडले म्हटल्यावर बाकीचे मागे कसे राहतील? चहा संपेपर्यंत ट्युलिपवाल्याने हात जोडले, नारिंगी रंगवाल्याने हात जोडले. कुणी ‘भावपूर्ण’ लिहिलं, कुणी नुसतं ‘ॐ शांती’. सगळ्या ‘वॉव’ गळून पडल्या आणि ओळीने एकसारखे पिवळे हात उभे राहिले.

“झालं बघा,” श्रीहर्ष सुटकेने म्हणाला.

“काय झालं?” अरुणरावांनी कप खाली ठेवला. “आधी न वाचता वाहवा, आता न वाचता हात. अरे, तिने प्रश्न विचारलाय. सायकल आणू का, म्हणून विचारलंय. हात जोडणं हे उत्तर आहे का त्याचं?”

“त्याचं उत्तर आपण कसं देणार, काका? इट्स हर डिसिजन.”

“आणि पिशवी कापायची, हा कुणाचा डिसिजन होता?”

“बाबा, जाऊ दे ना,” मृण्मयी म्हणाली. “तो सॉरी म्हणालाय.”

“मला म्हणालाय. तिला नाही.”

प्रणवने टेबलावरची शेव पुसून हातात घेतली आणि तशीच धरून बसला. श्रीहर्षचे कान लाल झाले होते. अरुणराव उठून आपल्या खोलीत गेले. दार लावताना ते जरा जोरात लागलं, आणि सवयीने त्यांच्या तोंडून ‘माफ करा’ निघालं. त्याचाही त्यांना राग आला.

खाटेवर बसून त्यांनी सायकलचा फोटो पुन्हा उघडला. पोरावर ओरडणं सोपं होतं. त्याने निदान चुकीचं का होईना, काही लिहिलं होतं. या बाईने एकदा आपल्यालाही प्रश्न विचारला होता, आणि आपण वाक्य नीट होण्याची वाट पाहत बसलो. नीट वाक्य म्हणे. काय करायचंय ते नीट वाक्य?

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. लेबल, कुलूप, गंजू लागलेली साखळी. मग पिशवी. तिच्यावर ते थांबले. सायकल जानेवारीपासून वाऱ्यापावसात उभी होती, आणि पिशवीला साधी चीरही नव्हती. निळा रंग नवा होता. सीटखाली मारलेली गाठ दुहेरी, घट्ट, दोन्ही टोकं नीट आत खोचलेली.

ते लिहायला लागले. चष्मा घसरला तो वर केला नाही.

‘मालिनीताई, घरट्यातला तो कागद उबेसाठीच असावा असं मला वाटतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, माफ करा.

सीटवरची पिशवी कापू नका. ती नवी आहे. म्हणजे तुम्ही तिथे जाता आणि पावसाने सीट भिजू नये म्हणून पिशवी बदलता. मग ही सायकल बेवारस कशी? ती घरी आणा. सोमवारची वाट पाहू नका.

एकटीने जमणार नसेल तर मी आज दुपारच्या गाडीने टिलबर्गला येतो. मला इथली उंच सायकल चालवता येत नाही. पण एका बाजूने तुम्ही धरलीत आणि दुसऱ्या बाजूने मी, तर चालत घरापर्यंत नेता येईल. कळावे.’

वाचून पाहावं म्हणून बोट वर गेलं. ‘म्हणजे’ दोनदा आलंय का? ‘मग’ नको होतं का? जोडलेल्या हातांच्या त्या ओळीखाली एवढा मोठा मजकूर विचित्रच दिसेल. लोक हसतील.

हसोत.

त्यांनी न वाचता बटण दाबलं, आणि खाटेखालचे बूट पायाने पुढे ओढले.