आवाज शंभरावर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कानसेनांनी निरोप लिहून पूर्ण केला. 'तब्येत बरी नाही. आजचा पियानो दुसऱ्या कुणाकडून जुळवून घ्यावा.' सभागृहाच्या व्यवस्थापकाला अकराच्या आत पक्कं कळवायचं होतं. पाठवायचं बटण अंगठ्याखाली होतं आणि अंगठा काही केल्या खाली जात नव्हता.

तब्येतीला काहीही झालं नव्हतं. सकाळी दोन जिने चढून आले होते. गेले होते ते कान, आणि हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

'कानसेन' हे अर्थातच लोकांनी ठेवलेलं नाव. माणूस चाळीस वर्षं पियानो जुळवत आला होता. कुणाच्या घरी चपला काढता काढताच ते सांगत, वरची एक तार उतरली आहे. बायको होती तेव्हा म्हणायची, यांना तारेतला केसाएवढा फरक ऐकू येतो, फक्त 'जाताना कचरा खाली ठेवा' एवढंच ऐकू येत नाही.

आठ दिवसांपूर्वी घरातला जुना अँप्लिफायर जळाला. मुलाने आणि सुनेने त्याच्या जागी नवा स्ट्रीमर आणला. चपटा, काळा, जेवणाच्या डब्याएवढा. मोबाइलवरून सांगितलं की इंटरनेटवरून हवं ते संगीत घ्यायचा आणि पुढच्या बाजूला हेडफोन लावायला भोक. हेडफोनला लागणारा अँप्लिफायर आतच होता. मुलगा म्हणाला, "बाबा, जुन्याच्या दसपट चांगलं आहे." कानसेनांनी त्यात आपला तीस वर्षांचा जड स्टुडिओतला हेडफोन खुपसला आणि पाठ असलेलं एक रेकॉर्डिंग लावलं. पियानो कुठेतरी भिंतीपलीकडे वाजत होता. खालचे स्वर तर जवळजवळ नव्हतेच. आवाज वाढवत वाढवत त्यांनी शंभरावर नेला, त्यापुढे आकडाच नव्हता.

आठ दिवस ते रोज सकाळी दार लावून हेच करत होते. हेडफोन तोच, रेकॉर्डिंग तेच, यंत्र नवंकोरं. मग उरलं कोण?

खऱ्या पियानोजवळ बसलं की सगळं नीट ऐकू येई, पण घोडं तिथंच तर पेंड खात होतं. दादालाही सगळं नीटच ऐकू येत होतं. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. हा धंदा शिकवला तो त्यानेच. बासष्टाव्या वर्षी दादाचे कान उतरले आणि पुढची दोन वर्षं तो शपथेवर सांगत राहिला की मला काही झालेलं नाही. एका कार्यक्रमात दादाने जुळवलेला पियानो बेसूर निघाला म्हणून वादकाने मध्येच हात उचलले, पियानोचं झाकण मिटलं आणि तो उठून गेला. कार्यक्रम संपला असं समजून दादा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. त्या दोन वर्षांत कानसेनांनी दादाने जुळवलेले पियानो मागाहून गुपचूप जाऊन दुरुस्त केले होते आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. थोरल्या भावाला, त्यातून गुरूला, असं कसं सांगायचं? आता दादा ठार बहिरा होऊन मागच्या खोलीत बसत असे आणि त्याच्याशी बोलायचं तर वहीत लिहावं लागे.

कानसेनांना यंदा बासष्टावं लागलं होतं.

दारावर टकटक झाली. ती त्यांना ऐकू आली, पण जीव काही भांड्यात पडला नाही. टकटक दादालाही बरीच वर्षं ऐकू येत होती.

सून आत आली. ती पाण्याचे पंप बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करायची. अंगावर कामाचाच शर्ट होता. तिच्या हातात तिचा स्वतःचा छोटा, हलका हेडफोन होता.

"बाबा, दोन मिनिटं. तुमच्या हेडफोनवर काय लिहिलंय ते बघितलंत कधी?"

"तीस वर्षं डोक्यावर आहे तो. डोळ्यांसमोर कुठे असतो?"

"पट्टीच्या आतल्या बाजूला. सहाशे ओहम. सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा वाचलं. यंत्र दिसलं की त्याची पाटी वाचायची, ही माझी खोडच आहे."

"मग?"

"मग जरा हा लावून बघा. याच्यावर बत्तीस लिहिलंय."

आत्तापर्यंत जे होतं ते कानसेनांच्या एकट्याजवळ होतं. आता सुनेसमोर परीक्षा होणार होती, आणि याही हेडफोनमधून पियानो भिंतीपलीकडेच वाजला तर लपायला जागा उरणार नव्हती.

"नंतर बघू. मला एक निरोप पाठवायचाय."

"निरोप कुठे पळून जातोय? अहो, दोनच मिनिटं." तिने जड हेडफोनची पिन काढली, आपली लावली, मोबाइलवर समोर दिसलं ते पियानोचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी ताणला आणि कानांकडे नेला.

सुनेची नजर मोबाइलकडे गेली. आवाज शंभरावर होता.

ती ओरडली नाही. ओरडायला वेळच नव्हता. तिने त्यांच्या हातावर असा फटका मारला की हेडफोन उडून कपाटाखाली जाऊन पडला.

"बाबा! लागला का कानाला? लागला का?"

त्या हलक्या हेडफोनला शंभर म्हणजे कानात हातोडा. कानसेन हात चोळत उभे होते. सासऱ्यावर हात उचलणारी सून त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिली होती. ती पुढे काही बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

"थांब. गप्प राहा जरा."

कपाटाखालून पियानो ऐकू येत होता. लांबून, पत्र्यातून आल्यासारखा, पण स्वच्छ.

"हे कुणी जुळवलंय? वरच्या सप्तकात एका स्वराच्या तीन तारांपैकी एक उतरलीय. हा. परत आला. हा बघ."

"मला तर नुसती कर्कश पिपाणी ऐकू येतेय," सून म्हणाली. तिने आवाज वीसवर आणला, गुडघ्यांवर बसून कपाटाखालून हेडफोन काढला आणि स्वतःच्या कानांना लावला. रेकॉर्डिंग मागे नेऊन तेवढाच तुकडा ऐकला. मग पुन्हा. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत राहिले. निकाल लागायचा तो तिथेच लागणार होता. तिसऱ्या वेळी तिच्या भुवया वर गेल्या.

"थरथरतोय! तेवढा एकच स्वर थरथरतोय, बाबा."

कानसेनांनी हेडफोन मागून घेतला आणि लावला. भिंत नव्हती. पियानो समोर होता, खालचे स्वर छातीत येत होते, आणि आकडा होता फक्त वीस. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"तुमचे कान नाही हो, या डब्याचा दम कमी पडतोय," सून म्हणाली. "छोट्या मोटरने चौथ्या मजल्यावर पाणी चढवायचं म्हटलं तर नळाला बारीक धारच येते ना? तुमचा सहाशे ओहमचा हेडफोन चौथ्या मजल्यावरचा, माझा बत्तीसचा तळमजल्यावरचा. त्याला वेगळा दमदार अँप्लिफायर हवा, नाहीतर या डब्याला हा माझ्यासारखा हेडफोन. आठ दिवस शंभरावर ठेवत होतात, मला वाटलं..."

कानसेनांनी हेडफोन काढला.

"शंभरावर ठेवत होतो हे तुला कसं कळलं?"

"मोबाइलवर दिसतं. तिघांच्याही."

"म्हणजे आठ दिवस तुला दिसत होतं. आणि तुला काय वाटलं?"

तिने मान खाली घातली. "वाटलं, तुमचेही कान... मोठ्या काकांसारखे. ह्यांनाही तसंच वाटलं. आज ती पाटी वाचली नसती तर..."

"तर आणखी किती दिवस गप्प बसणार होतीस?" कानसेनांचा आवाज चढला. "माझा आज कार्यक्रम आहे! मी तिथे जाऊन माती खाल्ली असती, तरी तू..."

"तुम्हाला कसं सांगायचं, बाबा?"

हे शब्द कानसेनांच्या चांगल्या ओळखीचे होते. लिहिलेला निरोप त्यांनी पुसला आणि 'चारला येतो' एवढंच पाठवलं. अकराला पाच कमी होते.

मग ते मागच्या खोलीत गेले. दादा खिडकीपाशी बसला होता. कानसेनांनी त्याच्यासमोरची वही ओढली आणि पेन उघडलं. त्यांनी लिहिलं, 'दादा, तुझे कान गेले ते मला दोन वर्षं माहीत होतं. मी सांगितलं नाही.'

दादाने चष्मा लावून ते वाचलं. पेन घेतलं. त्याचं अक्षर अजूनही वळणदार होतं.

'मलाही माहीत होतं. मी जुळवलेल्या पियानोच्या तारांच्या खुंट्या दुसऱ्या दिवशी हाताला वेगळ्या लागायच्या. तू कधी सांगतोस म्हणून वाट बघत होतो.'