मिळावे आणि मिळाले

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. हेतू सांगायचा असला की तिथं 'पारा के' येतं आणि पुढचं क्रियापद रूप बदलतं. 'येगा' म्हणजे पोहोचतं. पण पोहोचावं म्हणून काही करायचं असेल, तर 'येगे'. जे अजून घडलेलं नाही, त्याला वेगळं रूप. यात कुणी चुकलं की मी सरळ मार्क कापते, दयामाया नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तलवाड्याजवळच्या आमच्या वस्तीत चौदा घरांना एकच विहीर उरली होती, माझ्या आईची. पाणीवापर सहकारी संस्थेला ती हवी होती. बदल्यात संस्था वस्तीला नळ देणार होती. सचिव अर्जुनरावांनी आईच्या फोनवरून मला कागद वाचून दाखवला, "वस्तीला पाणी मिळावं म्हणून विहीर संस्थेला देत आहे." 'मिळावं' ऐकून मी खूश झाले. नळ नाही तर विहीर नाही, अट क्रियापदातच होती. "दे अंगठा, आई," मी म्हणाले.

महिन्यानं गेले तर नळाचा पत्ता नव्हता. विहिरीवर कुलूप लावलेली जाळी, मोटार चालू, आणि पाइप थेट संस्थेच्या चेअरमनच्या उसात. टँकर मागायला गेलेल्यांना उत्तर मिळालं होतं, तुमच्या वस्तीला पाणी मिळालंय, तसं लेखी आहे. संस्थेत जाऊन मी कागदाची नक्कल घेतली.

'वस्तीला पाणी मिळाले म्हणून विहीर संस्थेला देत आहे.'

'वे'च्या जागी 'ले'. खाली आईचा अंगठा.

"वाचताना तुम्ही 'मिळावं' म्हणालात!"

"येका अक्षरासाठी कावून येवढं तापता, ताई?" अर्जुनराव बशीत चहा ओतत म्हणाले. "लई शिकलेल्या हाव तुमी. तुमीच व्हय म्हनला. आता काय बोललो त्याला पुरावा न्हाई, कागदाला हाय."

घरी आले तर अंगणात बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आई मात्र निर्धास्त होती.

"भिऊ नगा," ती त्यांना सांगत होती, "माझ्या सत्यभामानं सवता आयकलाय कागद. ती म्हनली तवाच म्या अंगठा दिला."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. शेजारच्या बायडाबाईंनी विचारलं, "मंग पानी कवा येनार गं?"

मी नक्कल पर्समध्ये सारली.

"येईल," मी म्हणाले.