आजाराला फुटलेला घाम

फोटो निळा आला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा तो हॉल. एरवी तिथे शिवणकामाचे वर्ग चालतात. झाकण घातलेल्या मशिनी भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि खुर्ची न मिळालेली माणसं त्यांच्यावर बसली होती. पुढे एक टेबल. टेबलावर दोन पेट्या, एक तांबडी, एक पांढरी. मधे झटपट फोटोचा कॅमेरा, म्हणजे बटण दाबलं की तोंडातून फोटो बाहेर टाकणारा. फोटो आधी कोरा असतो आणि मग बघता बघता त्यात माणूस उमटत जातो. हे नुसतं बघायलाच लोकांना मजा येते. त्यात कोणी आजार दाखवतो म्हटल्यावर काय विचारता!

टेबलामागच्या माणसाला सगळे गुरूजी म्हणत होते. मी मनातल्या मनात कॅमेरेवाला म्हणत होते.

"बोला काका, कुठे दुखतं?"

"गुडघा," समोर बसलेले काका म्हणाले. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते आणि हे त्यांनी बसल्या बसल्या सगळ्या ओळीला सांगून टाकलं होतं.

कॅमेरेवाल्याने त्यांचा उभा फोटो काढला. कोरा फोटो हातात घेऊन त्यावर अंगठा रोवला. "इथेच ना गुडघा येणार? आजाराला जरा बोलतं करू या." मग फोटो तांबड्या पेटीत गेला. कॅमेरेवाल्याने डोळे मिटले, त्यामुळे आम्हीही आवाज खाली आणले. पेटी उघडली तेव्हा काका डोक्यापासून पायापर्यंत तांबूस झाले होते आणि बरोबर गुडघ्यावर काळपट डाग.

"बघा! एक्स-रेला हाडं दिसतात. आम्हाला हाडांच्या पलीकडचं दिसतं. हाडांना काय, कुणीही बघावं!"

मग त्याने काकांच्या गुडघ्याभोवती हवेत हात फिरवले, कोळिष्टकं काढावीत तसे. दुसरा फोटो काढला. त्यावर अंगठा नाही. हा गेला पांढऱ्या पेटीत, आणि बाहेर आला तो निळा, शांत, डाग नसलेला. फोटोच्या चौकटीवर पाण्याचे बारीक थेंब होते. कॅमेरेवाल्याने ते बोटाने निपटून हवेत दाखवले.

"हा आजाराला फुटलेला घाम! पळून जाताना दमला बिचारा."

लोक हसले. टाळ्या पडल्या. टपालवाले काका उठले आणि आले तसेच लंगडत जागेवर जाऊन बसले. पण तोवर सगळे फोटो बघत होते, गुडघा कोणी बघत नव्हतं.

त्यांच्यानंतर आईचा नंबर होता.

आईला छातीत गाठ आहे. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं होतं, आणि पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. "लवकर सापडलीय, पण वाट बघू नका," असं त्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आमच्या घरात वाट बघणं काय असतं ते मला माहीत आहे. बाबांनी वाट बघितली होती, कुठल्या गुरूजींमुळे नव्हे, गिऱ्हाइकांमुळे. आज दवाखाना नको, आज गर्दी आहे. उद्या नको, उद्या कचेरी अर्धा दिवसच उघडी असते.

आईने हळूच छातीवर हात ठेवून दाखवलं. अंगठा, तांबडी पेटी, डाग. हवेतली कोळिष्टकं. पांढरी पेटी, निळा फोटो.

"गाठ विरघळायला लागलीय," कॅमेरेवाला म्हणाला. "आता तिला सुरी लावू नका. झोपलेलं जनावर आहे, सुरीने डिवचलं की उठतं. दर रविवारी या. निळं निळं होत जाईल."

टेबलावरून फोटो उचलताना माझा हात टेबलावरच्या कापडाला लागला. पांढऱ्या पेटीखाली ते चिंब ओलं होतं.

रिक्षात आई फोटो मांडीवर धरून बसली होती. "डॉक्टरांना फोन करून सांग. सोमवारचं पुढे ढकला म्हणावं."

"आई, सोमवार पुढे नाही जाणार."

"तुला तर सगळ्यातच खोट दिसते," मावशी म्हणाली. आईला त्या हॉलमध्ये तिनेच नेलं होतं. धाकट्या बहिणीने थोरलीसाठी जीव टाकावा तसा तिने टाकला होता, म्हणून तिच्यावर रागावताही येत नव्हतं. "माझी पाठदुखी तिथे दोन बैठकांत थांबली. ताईचा फोटो तुझ्या डोळ्यांदेखत निळा आला की नाही?"

"मावशी, मला फक्त ओलं कापड दिसलं."

"कापडाचं काय घेऊन बसलीस!"

कापडाचंच घेऊन बसले होते मी. घरी आल्यावर पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि दारातल्या लोण्याच्या कप्प्याकडे लक्ष गेलं. बाबा जाऊन वर्ष होत आलं, पण तो कप्पा अजून लोण्याला मिळालेला नाही. तिथे बाबांचं फिल्मचं शेवटचं पाकीट आहे.

बाबा कचेरीबाहेर ओळखपत्रांचे झटपट फोटो काढत. फिल्म आणायला मला पाठवत तेव्हा बजावत, "आपल्या कॅमेऱ्याला बसेल तीच, रंगीत, आणि तारीख बघून घे. शिळी फिल्म गोऱ्यालाही कावीळ करते." पाकीट फ्रिजमध्ये राही, पण कामाला न्यायच्या आधी ते बाहेर काढून ओट्यावर ठेवत आणि म्हणत, "माणसात येऊ दे त्याला." थंडीत बटण दाबलं की ते कोरा फोटो लगेच कोटाच्या आत, छातीशी ठेवत. गिऱ्हाईक घाई करी. "थांबा हो, लेकरू गारठलंय." आणि कोणी हातात घेऊन झटकायला लागलं तर, "अहो, पाळणा नाही तो!"

थंडीत लेकरू गारठलं तर काय होतं? निळं पडतं. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य फ्रिजच्या दारात मला पहिल्यांदा समजलं.

मी पाकीट बाहेर काढून ओट्यावर ठेवलं.

"ते फोडू नकोस," मागून आई म्हणाली. "त्यांचं शेवटचं आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तारीख अजून गेलेली नाही, आई. नुसतं ठेवून दिलं तर जाईल."

ती स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसली. म्हणजे परवानगी नव्हे, पहारा.

पाकीट माणसात आल्यावर मी ते बाबांच्या कॅमेऱ्यात घातलं आणि कुकरचा फोटो काढला. एकाच खिडकीच्या उजेडात, एकाच जागेवरून, तीनदा. पहिला कोरा फोटो बर्फाच्या ट्रेवर फडकं टाकून त्यावर ठेवला. दुसरा गरम पाण्याच्या पिशवीवर. ठेवण्याआधी मधोमध अंगठा दाबला. तिसरा माझ्या स्वेटरच्या आत. मग रंग भरेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

ओट्यावर तीन कुकर मांडले. एक निळसर, फिका, आजारातून उठल्यासारखा. एक तांबूस, पोटावर काळपट डाग. आणि एक आमचा रोजचा कुकर, कान वाकडा झालेला.

आईने चष्मा लावला. एकेक फोटो उचलला. निळ्या फोटोची ओली कड अंगठ्याने पुसली.

"कुकरला गाठ झालीय," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि ते हसू राहिलं नाही. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले.

"मला माहीत होतं गं," आई मागून म्हणाली. "अगदी याच शब्दांत नाही, पण माहीत होतं. त्यांचा कोट मीच धुवायचे ना, आतल्या खिशाला रसायनाचे डाग पडायचे. पण तो निळा बघितला आणि वाटलं, असू दे. कोणीतरी चांगलं सांगतंय."

"आणि सोमवार?"

"सोमवारच्या आधी रविवार येतो," आई म्हणाली. "जायचं आहे. अजून बसलेत ना तिथे लोक."

रविवारी हॉल पहिल्यापेक्षा भरलेला होता. टपालवाले काकाही होते, आता हातात काठी घेऊन. कॅमेरेवाल्याने आईला बघून हात पसरले. "या, या! निळा रंग बघायला आलात ना?" त्याने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या तोंडातून कोरा चौकोन बाहेर आला. त्याने हात पुढे करायच्या आत आईने तो स्वतःच ओढून घेतला आणि स्वेटरच्या आत छातीशी धरला.

"अहो, तो पेटीत—"

"असू दे," आई म्हणाली. "लेकरू गारठेल."

तिने थांबायचं तेवढं थांबून फोटो बाहेर काढला, लोकांपुढे धरला. थकलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं, अंगात मरून रंगाचं स्वेटर. "स्वेटर आहे त्याच रंगाचं आलंय बघा. मीही आहे तशीच आलेय. ना तांबडी, ना निळी."

"अविश्वासाने ऊर्जा अडते!" कॅमेरेवाला म्हणाला.

"अडत असेल. पेट्या उघडून दाखवा म्हणजे कुठे अडलीय ते कळेल," मी म्हणाले.

त्याने पेट्यांवर दोन्ही हात ठेवले. ती चूक झाली. हात ठेवले नसते तर निम्मी माणसं जागची हलली नसती. टपालवाले काका काठी टेकत पुढे आले आणि पांढरी पेटी त्यांनी सरळ आडवी केली. आतली फळी सुटली, बर्फाच्या पिशव्या टेबलावर घसरल्या. मग त्यांनी तांबडी उघडली, तिच्या तळाशी एक बल्ब गपगुमान जळत होता.

मी समजावून सांगितलं. फोटोच्या खालच्या जाड पट्टीत रसायन असतं, बाहेर येताना ते सगळीकडे पसरतं आणि काही मिनिटं आत काम करत राहतं. तेवढ्या वेळात त्याला गार केलं तर फोटो निळा पडतो, तापवलं तर तांबूस. ओला असताना अंगठा रोवला तर रसायन तिथून सरकतं आणि डाग राहतो. घाम आजाराला फुटत नाही. बर्फावरून उचललेल्या कशालाही फुटतो.

"असं होय!" काकांनी कॅमेरा उचलला. "मग गुरूजी, आता तुमचा." बटण दाबलं. कोऱ्या फोटोवर वरच्या बाजूला अंगठा रोवला, तांबड्या पेटीत टाकला. या वेळी कोणी डोळे मिटले नाहीत. फोटो बाहेर आला तेव्हा कॅमेरेवाला तांबूस झाला होता आणि बरोबर कपाळावर काळपट डाग.

"यांच्या डोक्यातच आहे की हो!" काका म्हणाले.

हॉल हसण्याने कोसळला. त्या गोंधळात कॅमेरेवाला मागच्या दाराने गेला. पेट्या राहिल्या.

जिना उतरताना मावशी म्हणाली, "पण माझी पाठ थांबली होती हे तर खरं ना?"

"खरं आहे. पाठ कधीकधी आपोआप थांबते, मावशी. गाठ थांबत नाही."

सोमवारी आईची पिशवी घेऊन आमच्या आधी मावशी रुग्णालयात हजर होती.

गाठ काढली. पुढची औषधं चालू आहेत. सगळं ठीक होईल का, असं विचारलं तर डॉक्टरबाई छातीठोक हो म्हणत नाहीत. काय माहीत आहे आणि काय नाही ते सांगतात. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

तुम्हालाही कोणी तुमचा रंग बदललेला दाखवला, तर आधी टाळी वाजवू नका. फोटो एवढा वेळ कुठे ठेवला होता ते विचारा. पेटी उघडा म्हणा. ज्याचं खरं आहे त्याला झाकणावर हात ठेवावा लागत नाही. आणि घरचं माणूस फसलं तर त्याला मूर्ख म्हणू नका. चांगलं ऐकायची भूक सगळ्यांनाच असते. तिच्यावर दुकान मांडणारा दोषी.

बाबांचं पाकीट संपलं. शेवटचा फोटो मी रुग्णालयातून घरी निघताना आईचा काढला आणि रंग भरेपर्यंत कोटाच्या आत धरून उभी राहिले. परवा आई फ्रिजसमोर उभी होती, लोण्याच्या रिकाम्या कप्प्यात बघत.

"लोणी ठेवू या का तिथे?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "नवं पाकीट आण. रंगीत. आणि तारीख बघून घे."