चौदा चौकटींचा निरोप

नऊ पत्र्याच्या डब्यांत मावणारी मी एक जुनी फिल्म आहे, मित्रांनो. माझी गुंडाळी सोडली, तर झाओझेर्ये गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा परत यावी, एवढी माझी लांबी. अंगावर ओरखडे इतके, की पडद्यावर भर उन्हाळ्यातही पाऊस पडताना दिसतो. कोणी हसलं तर मी वाईट वाटून घेत नाही. चारशे गावं हिंडलेल्या बाईच्या पायांना भेगा असायच्याच.

तुम्ही म्हणाल, फिल्म म्हणजे तीच ती गोष्ट सांगणारी. खरं आहे. पण ऐकणारी माणसं दर वेळी नवी असतात. दिव्याचा उजेड माझ्यातून जातो, तेव्हा त्या उजेडाबरोबर मी सगळ्यांच्या डोक्यांवरून पडद्यापर्यंत जाते आणि वाटेत मला माणसं दिसतात. त्यांना पाहून मी जितकी थक्क झाले, तितकी ती मला पाहून झाली असतील असं मला वाटत नाही. त्यातल्या दोघींची हकीकत आज सांगते.

माझा जन्म मॉस्कोच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी त्याच आठवड्यात तिथून बाहेर पडल्या. आमच्या पोटात एकच गोष्ट होती. नदीतल्या तरंगत्या खुणांवर रोज संध्याकाळी दिवे लावणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी लिदा. तिचं होड्या बांधणाऱ्या मात्वेईवर प्रेम. युद्ध सुरू होतं, मात्वेई बोटीनं आघाडीवर जातो आणि परत येत नाही. शेवटच्या रिळात लिदा एकटी होडी वल्हवत जाते आणि एकेक दिवा लावते, कारण दुसऱ्यांची माणसं त्याच नदीनं परत येणार असतात. एवढीच गोष्ट. ती मी हजार वेळा सांगितली, आणि त्या दिव्यांपाशी सभागृहात एकदाही कोणी खोकलं नाही.

माझ्यात एक दोष मात्र जन्मापासून होता. तिसऱ्या रिळात बोटीच्या धक्क्यावरची गर्दी आहे. ती सगळी शहरातून गोळा केलेली माणसं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, असं त्यांना दहादा बजावलं होतं. तरी बोटीच्या फळीवर चढणारा एक गडी वळला आणि त्यानं सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. चौदा चौकटी, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. मला मात्र त्या चौदा चौकटींची फार लाज वाटायची.

आमच्या जिल्ह्यात मला गावोगाव नेणारा ऑपरेटर होता तिखोन सावेल्यिच. युद्धात डाव्या हाताची दोन बोटं गेलेला, पण उरलेल्या तीन बोटांनी तो मला असा हाताळायचा की जणू आजारी लेकरू. काही ऑपरेटर नायिकेच्या चौकटी कापून भिंतीवर लावतात. तिखोन त्यांच्यावर उखडायचा. "बाईचं तोंड बघायची हौस असेल तर लग्न करा! माझी फिल्म कशाला कापता?"

"तू कुठं केलंस?" असं कोणी विचारलं, की तो डबे मोजायला लागायचा.

हिवाळ्यात घसरगाडीतून आणल्यावर मी थंडीनं ताठरलेली असते. तशीच यंत्रावर चढवली तर काडकन तुटते. म्हणून डबे चार तास ऊबदार खोलीत ठेवावे लागतात. मला ऊब हवी असते हे खरं. पण फिल्म कुठलीही असो, झाओझेर्येत ती ऊब दर वेळी ग्लाफिराच्याच घरची का लागते, हे सारं गाव ओळखून होतं.

ग्लाफिरा सामूहिक शेतावरच्या वासरांच्या गोठ्यात काम करायची. तिचा नवरा निकांद्र युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात आघाडीवर गेला. पुढल्या वर्षी कागद आला, त्यावर एकच शब्द, 'बेपत्ता'. मेला म्हणून रडायची सोय नाही आणि जिवंत म्हणून हसायची नाही. तो गेल्याला आता सतरा वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची सासू, पेलागेया आजी, दोघीच.

मला पहिल्यांदा झाओझेर्येत आणलं, त्या दिवशी दुपारी आजी शेजारी गेली होती. तिखोननं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"ग्लाफिरा, आज विचारूनच टाकतो. माझ्याशी संसार करशील?"

"बटाटे गार होतायत, सावेल्यिच."

"बटाट्यांना राहू दे गं!"

ती शेगडीशी पाठमोरी उभी राहिली. मग म्हणाली, "तू चांगला माणूस आहेस. पण मी त्याला निरोपच दिलेला नाही. धक्क्यावर आई शेजारी होत्या. त्यांच्यासमोर कशी रडू, म्हणून त्यांच्या शालीत तोंड खुपसलं. वर पाहिलं तर बोट वळणाआड गेलेली. त्यानं मागं वळून पाहिलं असेल, तर माझी पाठ पाहिली. उद्या तो दारात उभा राहिला, तर पुन्हा माझी पाठच दाखवू त्याला?"

तिखोननं थाळी पुढं ओढली. त्यानं बटाटे खाल्ले. गारच झाले होते.

संध्याकाळी क्लबात सारं गाव जमलं. कोणी घरचं स्टूल आणलं, कोणी ओंडका. यंत्र एकच, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवा लागायचा, सूर्यफुलाच्या बिया फुटायच्या आणि गप्पांना ऊत यायचा.

"ही लिदा केवढीशी! हिला वल्हं कसं उचलवतं?"

"प्रेमात उचलवतं गं. लग्न झाल्यावर चमचासुद्धा उचलवत नाही."

मग तिसरं रीळ सुरू झालं. धक्का आला, बोट आली, फळीवर चढणारी माणसं आली.

"अगं, हा आपला धक्का!" कोणीतरी ओरडलं.

नद्यांवरचे सगळेच लाकडी धक्के एकसारखे. पण त्या बायकांनी आयुष्यात एकच धक्का पाहिला होता, आणि त्यावरून त्यांची माणसं गेली होती. त्यांना वाटलं, हे चित्र त्याच उन्हाळ्यात, त्याच दिवशी घेतलेलं आहे. सगळ्याजणी उभ्या राहिल्या. मी उजेडातून जात होते आणि खाली पन्नास चेहरे माझ्या गर्दीत आपापलं माणूस शोधत होते. असं मला कधी कोणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तो गडी वळला आणि त्यानं समोर पाहिलं.

"निकांद्र!" ग्लाफिराच्या तोंडून निघून गेलं.

शेजारच्या पेलागेया आजीनं तिचा हात घट्ट धरला. "होय गं पोरी. तोच. आपलाच."

रीळ संपलं. तिखोननं दिवा लगेच लावला नाही. रडणाऱ्यांना डोळे पुसायला वेळ द्यायचा, ही त्याची रीत होती. त्या दिवशी फार वेळ द्यावा लागला. मग बायका म्हणाल्या, पुन्हा दाखव. असं करायला परवानगी नसते. त्यानं दाखवलं. "तो उंच, तो माझा भाऊ." "टोपी हलवतोय तो आमचा येफीम." ज्यांचं माणूस गर्दीत मावलं नाही, त्यांनी पाठमोऱ्यांतला एकेक आपला मानला.

तिखोनच्या खिशात माझ्याबरोबर आलेलं पत्रक होतं. चित्र दोन वर्षांपूर्वी, दूरच्या दुसऱ्या नदीवर घेतलेलं आहे, असं त्यात छापलं होतं. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

सकाळी तो क्लबात मला उलटी गुंडाळत असताना पेलागेया आजी काठी टेकत आली.

"सावेल्यिच, तो निकांद्रचा तुकडा कापून दे."

"आजी, बसा." त्यानं यंत्र थांबवलं. "तुम्हांला खरं सांगायलाच हवं. हे चित्र दोन वर्षांपूर्वीचं आहे. तो निकांद्र असेल, तर जिवंत असून घरी आलेला नाही. आणि नसेल..."

"नाहीच तो." आजी शांतपणे म्हणाली. "माझ्या पोराचा डावा कान घोड्यानं चावला होता. याचे दोन्ही कान धडधाकट. मी जन्म दिला त्याला, मला शिकवतोस?"

तिखोननं रीळ बाजूला ठेवलं. "मग काल होय का म्हणालात?"

"सतरा वर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर करून पाहिलं, आणि मी नाही म्हणू? काल ती रात्रभर झोपली. मी आई आहे, माझं वाट बघणं काही सुटायचं नाही. तिचं सुटू दे. निरोप झाल्याशिवाय ती तुझ्या दाराला हात लावायची नाही, मूर्खा!"

"आजी, फिल्म कापली तर माझं काम जाईल."

"जाऊ दे. वासरं सांभाळ. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहेत."

तिखोननं कात्री घेतली. उजेडाकडे धरून त्यानं चौकटी दोनदा मोजल्या आणि कापल्या. ज्या चौदा चौकटींची मला जन्मभर लाज वाटली, त्याच आजीनं रुमालात गुंडाळून छातीशी धरल्या. मग त्यानं माझी दोन टोकं फिल्म चिकटवायचा गोंद लावून जोडली.

फिल्मगोदामात तपासनीस रिम्मा मला बोटांतून सरकवत पाहायची. तिच्या बोटांना तो नवा जोड लगेच लागला. "तूसुद्धा, सावेल्यिच?" एवढंच ती म्हणाली. तिखोनचं काम एका हिवाळ्यापुरतं काढून घेतलं गेलं. त्यानं खरोखरच वासरं सांभाळली. वसंतात नदीचा बर्फ फुटला आणि ग्लाफिरानं त्याला होकार दिला. पेलागेया आजी त्यांच्याच घरी राहिली. माझ्या चौदा चौकटी खिडकीच्या काचेला लावलेल्या असायच्या, आणि दोघी बायका रोज सकाळी त्या उजेडात पाहायच्या, असं घोडागाडीवाल्यांच्या बोलण्यात मी ऐकलं.

पुढे माझे दिवस उतरले, मित्रांनो. रंगीत फिल्मा आल्या. घराघरांत टीव्ही आले. तिसऱ्या रिळात माझा तो जोड आला की चित्र उडी मारायचं आणि तरुण पोरं शिट्ट्या वाजवायची. मग तेही थांबलं. मी गोदामाच्या खालच्या फळीवर पडून राहिले आणि अंगाला आंबूस वास येऊ लागला. त्या चौकटी कापल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा हुकूम आला, जुन्या फिल्मा धुऊन त्यातली चांदी काढून घ्या. मला धुवायला नेणार होते.

त्याआधी तिखोन आला. केस पांढरे झाले होते. "झाओझेर्येत एकदा शेवटची दाखवतो," तो रिम्माला म्हणाला, "आणि परत आणतो."

डबे पुन्हा त्याच शेगडीपाशी आले. पेलागेया आजीची खाट रिकामी होती. त्याच शरद ऋतूत ती गेली होती. ग्लाफिरा आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक वाकडी, धुरानं पिवळी पडलेली पट्टी काढून घेऊन आली.

"ही परत जोड," ती म्हणाली. "आईंना आता हिची गरज नाही."

"आईंना?" तिखोनचा चेहरा उतरला. "ग्लाफिरा, एक गोष्ट नऊ वर्षं पोटात ठेवली आहे. तुला फसवलं मी. तो निकांद्र..."

"नव्हता. ठाऊक आहे."

तिखोन खाली बसला.

"पहिल्यांदा मला तोच वाटला," ग्लाफिरा म्हणाली. "दुसऱ्यांदा दाखवलंस तेव्हा कान दिसले. दोन्ही अख्खे. पण तोवर आई होय म्हणाल्या होत्या आणि माझा हात धरून हसत होत्या. त्यांना त्यांचा मुलगा दिसला होता, सावेल्यिच. मी तो कसा हिरावून घेऊ? त्यांच्यासाठी रोज त्या काचेपाशी उभी राहायचे."

आजीनं क्लबात काय सांगितलं होतं, ते तिखोननं मग हळूहळू सांगितलं. ग्लाफिरा ऐकत राहिली. मग एप्रन तोंडाला लावून ती इतकी रडली आणि मध्येच इतकी हसली, की मला ते वेगळं करता येईना. नऊ वर्षं दोघी रोज सकाळी एका परक्या माणसाला आपला म्हणत होत्या, फक्त एकमेकींसाठी. माझ्या पोटात एवढी मोठी प्रेमाची गोष्ट होती, पण मित्रांनो, या गोष्टीपुढे माझी मान खाली गेली.

"मग तू मला होकार कसा दिलास?" तिखोननं विचारलं. "निरोप तर झालाच नव्हता."

"तो माझा नव्हता. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड लपवलं नाही," ती म्हणाली. "तेवढं पुरलं."

त्या संध्याकाळी क्लबात अकराच माणसं होती. पट्टी आक्रसली होती, जोडावर यंत्र खटखटलं, पण जोड तुटला नाही. तो गडी पिवळट उजेडात वळला आणि त्यानं समोर पाहिलं. पहिल्या ओळीत ग्लाफिरा ताठ बसली होती. डोळे वाहत होते आणि मान वर होती.

मला धुवायला नेलं नाही. उंदरांनी खाल्ली, असं तिखोननं सांगितलं. "पत्र्याचे डबेसुद्धा?" असं विचारून रिम्मानं सही केली. तेव्हापासून मी या क्लबाच्या कपाटात आहे.

मित्रांनो, जुन्या फिल्मांना कोरड्या, थंड जागी ठेवा आणि त्यांच्यातलं चित्र मध्येच उडालं तर शिट्ट्या मारू नका. तिथं कुणाचं काय गेलं आहे ते तुम्हांला माहीत नसतं. आणि तुमचं माणूस कधी दूर निघालं, तर रडू येईल, येऊ द्या. पण तोंड लपवू नका. त्यानं वळून पाहिलं, तर तुमचा चेहरा त्याला दिसला पाहिजे.