मानेचं काम

अक्षयाचं व्हायोलिन मी मोडलं. बसून. मला वाटलं खुर्चीत उशी आहे.

तेव्हापासून आठ महिने मी बहिणीसाठी नवं व्हायोलिन बनवत होतो आणि आठ महिने उभ्यानेच जेवत होतो, कारण नवं हातात पडेपर्यंत मी बसायचं नाही, अशी तिची अट होती. सहा दिवसांनी पणजीत तिची प्रवेशपरीक्षा. आज मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बसवायची. मानेचं लाकूड एकच. वाकडी चिकटली तर परीक्षा पुढच्या वर्षी.

मान जिच्यात बसते ती खाच तासून तासून मी इतकी नेमकी केली होती की मधे कागद शिरत नव्हता. गरम सरस मिनिटभरात गोठतो. तेवढ्यात मी दोन्ही हातांनी मान सरळ धरायची आणि यशोदाकाकूने क्लॅम्प आवळायचा. सरस न लावता पाच वेळा तालीम झाली.

सकाळी काकूने माझं नाव घेऊन फोनवर कुणाला तरी सांगितलं होतं, "चार वाजता देवेशाकडे मानेचा काम आसा." आमच्या घरात रेंज अर्धीच येते. पलीकडे 'मानाचा' ऐकू गेलं आणि वाडीभर झालं.

चार वाजता मी सरस लावला, मान खाचेत सरकवली आणि दारात भिकाजीकाका आणि दत्तारामकाका उभे. पालखीला पहिला खांदा कुठल्या घराचा, यावरून दोघं तीन वर्षं भांडत होते. निवाडा ऐकायला धुतलेली धोतरं नेसून आले होते.

काकूने क्लॅम्प बाकावर ठेवला आणि आत गेली. मानकरी आले की चहा.

"काकू," मी म्हटलं.

"साखर बघतंय," आतून उत्तर.

मान केसभर डावीकडे सरकली.

"काकांनू, तो क्लॅम्प लावा आणि आवळा."

दोघांनी एकदम मूठ धरली.

"पहिलो पेच आमचो," भिकाजीकाका म्हणाले.

"खंयच्या हिशोबान?" दत्तारामकाका म्हणाले. एक उजवीकडे पिळत होता, दुसरा डावीकडे. क्लॅम्प तटस्थ. सरसावर साय धरू लागली.

दुसरं काही सुचेना, म्हणून मी देवळात देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. त्याला बाकीच्यांनी 'व्हय' म्हणायचं ते एकसुरातच.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज मान बसवूक घेतल्यान हा..."

"व्हय म्हाराजा." मूठ फिरली. दोघांची, एकाच बाजूला.

"ती केसभर उजवीकडे घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." मी मान सरकवली, त्यांनी आवळली.

"आणि आता थांबव रे म्हाराजा, लाकूड चिरतला."

"व्हय म्हाराजा." थांबले.

मी मोजपट्टी लावली. मान मधोमध होती. काकू चहा घेऊन आली तोवर दोघं अंगणात पोचले होते आणि पहिला 'व्हय' कोणाचा, यावर बोलत होते.

अक्षयाचा फोन आला. "बसली?"

"बसली."

"आणि तू?"

"मी उभो आसंय."