मधल्या खाचेवरची फुली

समजा, तुम्ही पाच वर्षांचे आहात आणि एका लांब फळीच्या टोकावर बसला आहात. दुसऱ्या टोकाजवळ तुमचे आजोबा, तुमच्या चौपट वजनाचे. तुम्ही पाय उचलले आणि तुमच्याऐवजी आजोबाच वर गेले, तर? नीट डोळ्यांसमोर आणा. कारण शेलार गावातल्या एका घराच्या मागच्या अंगणात उन्नतीने आत्ता तेच केलं होतं.

"आजीऽ! मी आजोबांना उचललं!"

कमळ हात पुसत मागच्या दारात आली. दौलत फळीवर अधांतरी, चप्पल एका पायातून निसटलेली.

"उतरव गो त्यांना. वरच राहिले तर ताट कुठं वाढू?"

उन्नती इतकी हसली की फळी हलायला लागली.

अंगणात नातीसाठी खेळायला हे सगळं जमवायला दौलतला आठवडा लागला होता. एका टायरात वाळू भरून झाली होती. कपड्यांच्या दोरीवर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुताच्या रिकाम्या कांड्या ओवल्या होत्या. वारा आला की त्या खुळखुळत. पण खरं काम सीसॉचं. लूमवर सूत गुंडाळायचा जुना लोखंडी बीम दौलतने अर्धा जमिनीत पुरला. त्यावर टेकवायला कशेळीच्या गोदामातून पुतण्याने पॅकिंगची दहा फुटी फळी टेम्पोतून आणून टाकली. फळी बीमवरून सरकू नये म्हणून खालून उथळ खाच हवी. दौलतने पहिली बरोब्बर मधे पाडली. बसून पाहिलं तर उन्नती वरच अडकून राहिली. दुसरी खाच जरा आपल्या टोकाकडे, तिसरी आणखी अलीकडे. चौथ्या खाचेला आजोबा आणि नात तोलले गेले.

"एक फळी, चार खाचा," कमळ म्हणाली. "कारखान्यात असंच काम करायचात?"

पहिल्या तीन खाचांपाशी फळीच्या कडेवर त्याने खडूने फुल्या मारल्या.

"फुली का?" उन्नतीने विचारलं.

"फुली म्हणजे चुकलं. उद्या भुसा नि सरस भरून बुजवून टाकू."

पस्तीस वर्षं तो धामणकर नाक्यापाशी एका कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, होता. लूम बंद पडला की कारागीर हाक मारायचा आणि दौलतचे हात डोक्याआधी कामाला लागायचे. घरीही तेच. "आजोबा, अडकलं!" म्हटलं की चपलेचा पट्टा लागायचा, डब्याचं झाकण उघडायचं. उन्नतीला हाक तेवढी पक्की मारता येत होती.

कालच सून मृणाली चहा देताना म्हणाली होती, "बाबा, जूनमध्ये शाळा सुरू होतेय. तिथं डबा कोण उघडणार? तुम्ही बसणार का बाकावर?"

ती रागावून बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. रात्रभर त्याला ते झाकण दिसत राहिलं.

जेवण झाल्यावर उन्नती परत अंगणात गेली. भिंतीपलीकडच्या चाळीत उन्नतीएवढीच रीमा राहायची. तिचे वडील लूमवर शिफ्ट करत. दोन महिने दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत होत्या. आज उन्नतीने पालथ्या बादलीवर चढून सांगितलं, "आ जा! मेरे को दादाजी उठाने को आता है!"

"झूठ!" रीमा म्हणाली. पण आली.

आजोबांच्या जागी रीमा बसली, लांबच्या टोकाला उन्नती. रीमा सुर्रकन वर गेली आणि वरच राहिली.

"नीचे कर ना!"

उन्नतीने पायांनी रेटलं. तिचं टोक जरासं उचललं आणि परत धपकन खाली बसलं.

दौलत पायरीवर बसला होता. त्याचे हात गुडघ्यांवरून सुटले.

"आजोबा, अड..."

तो अर्धा उठला. मग त्याला ते झाकण आठवलं. तो परत खाली बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मागच्या दारातून कमळ ते बघत होती. या खेपेला तिने टोमणा मारला नाही.

उन्नतीने त्याच्याकडे पाहिलं. तो येत नाही, हे तिला थोडं उशिराच कळलं. तिने रीमाला सांभाळून उतरायला सांगितलं. स्वतः वाकून फळीखाली डोकावली. एकेका खाचेवरून बोट फिरवलं.

"पकड," ती म्हणाली.

दोघींनी फळीचं टोक उचललं, ढकललं. खट्. पुढची खाच. बसून पाहिलं, रीमा वरच. पुन्हा उतरल्या. पुन्हा खट्. आता रीमा खाली आली, पण लगेच वर गेली. तिसऱ्यांदा ढकलताना रीमाची वेणी सुटली आणि उन्नतीच्या कोपराला खरचटलं. दौलतच्या मांड्यांखाली त्याच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

खट्.

फळी आता बरोब्बर मधल्या खाचेवर होती. दोघी बसल्या. फळी डुलली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि सरळ झाली. चार पाय हवेत. दोरीवरच्या कांड्या तेवढ्या वाजत होत्या.

"अवं," कमळ हळूच म्हणाली, "डोळ्यांत काय गेलं?"

"भुसा," दौलत म्हणाला.

उन्नती फळीवरून उतरली. बीमपाशी उकिडवी बसली. मधल्या खाचेवरची खडूची फुली तिने नीट निरखली, बोटाला थुंकी लावली, आणि पुसून टाकली.