काकूंची उचकी

डॉक्टरांना त्रास नको म्हणून स्वतः त्रास काढत बसणारं माणूस तुमच्याही घरात असेल. शिवणक्लासच्या काकू त्यातल्याच. पेसमेकर बसवून घरी आल्या आणि सकाळपासून त्यांना उचक्या लागल्या.

"कोण एवढी आठवण काढतंय गं?" काकांनी चिडवलं. पाणी पिऊन झालं, साखर खाऊन झाली. उचक्या आपल्या चालूच.

"हॉस्पिटलला फोन लावू?"

"नको हो. डॉक्टरबाईंनी एवढं मन लावून केलंय. उचकीची कसली तक्रार? उगाच नावं ठेवल्यासारखं होईल."

काकांनी विषय सोडला. संध्याकाळी गॅसपाशी उभ्या असताना काकूंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काकांनी धावत जाऊन सावरलं, म्हणून डोकं वाचलं. आता मात्र ते ऐकेनात, काकूंना थेट हॉस्पिटलात घेऊन निघाले. वाटेत त्यांनी डॉक्टरबाईंशी भांडणाची जय्यत तयारी केली.

एक्स-रे पाहून डॉक्टरबाई स्वतःच बाहेर आल्या.

"काका, मी बसवलेली पेसमेकरची तार जागेवरून सरकलीय. तिचा विजेचा झटका छातीखालच्या पडद्याला बसतोय, म्हणून उचक्या. हृदयाला नीट पोचत नाही, म्हणून चक्कर. काळजी घेऊनही काहींना असं होतं, हे मी आधी बोलले होते. पण तार मी बसवली, तेव्हा जबाबदारी माझी. तार आत्ताच नीट बसवू."

काकांचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्या कामात बिघाड झालाय हे इतक्या सरळपणे सांगणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं. अशा डॉक्टरांचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

"सकाळीच सांगायला हवं होतं," काकू पुटपुटल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"तुम्ही घरी पडला असतात, तर वाईट वाटलं असतं. तुमच्या अंगात काय होतंय ते तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

तार जागेवर बसली, उचक्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही पेसमेकर बसवला होता. डॉक्टरबाईंना पाहून आजींनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"छान आहे हो मी," आजी म्हणाल्या.

"छान कसलं? टाके सुजलेत त्यांचे, सकाळी पाहिलं मी," काकू उठून बसत म्हणाल्या. "दाखवा आजी."

सूज लालबुंद होती. डॉक्टरबाईंनी लगेच उपचार सुरू केले.

"उगाच कामाला लावलंत त्यांना," आजी फुरंगटल्या.

"त्या कामालाच आल्यात, आजी," काकू म्हणाल्या.

मंडळी, दुखतंय ते सांगणं म्हणजे डॉक्टरांना नावं ठेवणं नव्हे. उपचारातला तेवढा वाटा आपला असतो, आणि तो दुसरं कुणी उचलू शकत नाही.